‘मदत करायला आवडते’ एवढ्यावर भागत नाही

2024 च्या उन्हाळ्यात एका दुपारी माझी भाची कथड्यातल्या आमच्या घराचा जिना चढून आली आणि वरच्या पायरीवरच बसून राहिली. सकाळी तिची मुलाखत झाली होती. मानसशास्त्रात एम.ए. करायचे, तेही नावाजलेल्या ठिकाणी, म्हणून पोरीने वर्षभर अभ्यास केला होता. लेखी परीक्षा पार पडली होती. उरली होती ती पंधरा-वीस मिनिटांची ऑनलाइन मुलाखत.

“खाला, पहिल्याच प्रश्नाला अडकले,” ती म्हणाली.

प्रश्न अगदी साधा होता. मानसशास्त्रच का? तिने पाठ केलेले उत्तर दिले : मला लोकांना मदत करायला आवडते. त्यावर समोरच्या बाई हसून म्हणाल्या, मदत तर नर्सही करते, शिक्षकही करतो, तुमच्या गल्लीतला रिक्षावालाही करतो; मग मानसशास्त्र का? भाची गप्प झाली. त्यानंतर आलेले सोपे प्रश्नही तिला अवघड वाटत गेले. यादी लागली, तिचे नाव नव्हते. संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण चूक संस्थेची नव्हती. चूक बरीचशी माझी होती. मी वीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते, पण भाचीची लेखी तयारी करून घेताना मुलाखतीसाठी मी तिला चार चांगली वाक्ये लिहून दिली आणि माझे काम झाले असे समजले.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा तयारी केली. आपल्या मासिकाच्या वाचकांपैकी कितीतरी घरांत आज मुली मानसशास्त्र घेऊन बी.ए. करत आहेत. म्हणून त्या वर्षभराचा अनुभव इथे लिहिते.

आधी वाटा कोणत्या, ते थोडक्यात. मुंबईत देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. 1936 साली सुरू झालेल्या या संस्थेत उपयोजित मानसशास्त्राचे एम.ए. आहे आणि त्यात चिकित्सालयीन व समुपदेशन अशा शाखा आहेत. 2024 पासून तिथे सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागते. पुणे आणि मुंबई विद्यापीठांचे स्वतःचे मानसशास्त्र विभाग आहेत. बंगळुरूची निम्हान्स ही तर या विषयातली देशातली मोठी संस्था. कुठे लेखीवर भर, कुठे मुलाखतीवर. नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याने सांगितलेले यंदाही तसेच असेल असे धरून चालू नये.

एक गोष्ट मात्र पालकांनी नीट समजून घ्यावी. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर. गोळ्या तो लिहून देतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ गोळ्या देत नाही. तो चाचण्या घेतो आणि मानसोपचार करतो. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते आणि नुसत्या एम.ए.वर ती आजवर मिळत नव्हती, त्यासाठी दोन वर्षांचे एम.फिल. लागत असे. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झाले. या विषयापुरती विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025-26 पर्यंत मुदत वाढवून दिली आणि परिषदेने नवे अभ्यासक्रम आणायला सुरुवात केली. मुलाखतीत “पाच वर्षांनी कुठे असाल?” असे विचारले आणि मुलगी “क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट” म्हणाली, की पुढचा प्रश्न हाच येतो : त्यासाठी काय लागते, माहीत आहे का? पहिल्या वर्षी माझ्या भाचीला माहीत नव्हते.

पहिली मुलाखत फसल्यावर माझे मेहुणे, म्हणजे भाचीचे अब्बा, म्हणाले, “मुंबईला पाठवायचे आणि खर्च करायचा कशाला? घरी बसून पत्राद्वारे एम.ए. कर.” आपल्याकडे मुलीसाठी हा तोडगा पटकन निघतो. मी विरोध केला. ज्या विषयात माणसासमोर बसायला शिकायचे, तो एकटीने पुस्तक वाचून कसा यायचा? पुढे 2025 च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवण्याचे आयोगानेच ठरवले. म्हणजे ती वाट आता तशीही राहिलेली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. मानसशास्त्रच का?

याचे खरे उत्तर भाचीला माहीत होते. मलाही होते. पण ते उत्तर आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हते.

माझा धाकटा भाऊ, म्हणजे भाचीचा मामू, बावीस वर्षांचा असताना आजारी पडला. रात्र रात्र झोपायचा नाही. दुकानाचे शटर ओढले की बाहेर लोक आपल्याबद्दल बोलतात, असे म्हणायचा. आधी नजर लागली असे झाले, मग कुणीतरी काही केले असे झाले. चार वर्षे ताविज, आमिल, एका दर्ग्यातून दुसऱ्या दर्ग्यात. एका ठिकाणी त्याला अकरा दिवस पायात साखळी घालून ठेवले होते. अम्मी रोज त्याच्या शेजारी बसून रडायची, पण साखळी काढा असे म्हणायची तिची हिंमत नव्हती. शेवटी एका ओळखीच्या माणसाने डॉक्टरांचे नाव सांगितले. स्किझोफ्रेनियाचे निदान झाले, औषध सुरू झाले. आज तो पन्नाशीला आला आहे, दूध बाजाराजवळ घड्याळे दुरुस्त करतो, रोज रात्री एक गोळी घेतो. माझ्या बहिणीच्या लग्नात सासरच्यांना यातले काहीच सांगितलेले नव्हते.

भाची लहानपणी या मामूच्या दुकानात बसून मोठी झाली. तिला मानसशास्त्राकडे नेणारा तोच. पण मुलाखतीत हे सांगायचे का?

मेहुणे ठाम होते. “ऐकणारे चौघे, पण बोभाटा चारशे जणांत. उद्या हिच्यासाठी स्थळ येईल तेव्हा कोण जबाबदार?” त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. आपल्या समाजात, आणि केवळ आपल्याच नव्हे, घरात वेडाचा इतिहास आहे एवढ्यावर मुलींची लग्ने मोडतात. माझ्या बहिणीने पंचवीस वर्षे तोंड बंद ठेवले, ते उगाच नाही. दुसरीकडे, काही मुले मुलाखतीत घरचे दुःख असे मांडतात की समोरच्याने दया दाखवून जागा द्यावी. अनुभवी परीक्षकाला ते लगेच कळते. शिवाय त्याच्या मनात वेगळीच शंका येते : ही स्वतःच्या जखमेवर उपचार शोधायला आली आहे की दुसऱ्याचे ऐकायला?

बराच वाद झाल्यावर माझ्या लक्षात आले, की आम्ही तिघे ज्याच्याबद्दल भांडत होतो त्याला कुणी विचारलेच नव्हते. गोपनीयता हा या व्यवसायातला पहिला धडा, आणि मी वर्गात तो दरवर्षी शिकवते. गोष्ट मामूची आहे. ती सांगायची की नाही, हे तोच ठरवणार. भाची त्याच्या दुकानात गेली. तो घड्याळ उघडून बसला होता. मान वर न करता म्हणाला, “सांग. पण साखळीचं सांगू नको.”

या एका वाक्याने तिची अर्धी तयारी झाली, असे मला आजही वाटते. तिचे उत्तर आम्ही नव्याने बांधले. माझ्या जवळच्या एका माणसाचा दीर्घ आजार मी पाहिला आहे, त्यांच्या परवानगीने एवढेच सांगते : पहिले लक्षण दिसले तेव्हापासून पहिल्या गोळीपर्यंत चार वर्षे गेली. हा काळ इतका लांब का होतो, तो कशाने कमी होईल, हे मला शिकायचे आहे. त्यात दया मागितलेली नाही. त्यात एक प्रश्न आहे, आणि परीक्षकांना उमेदवाराच्या डोक्यात प्रश्न आहे का हेच पाहायचे असते.

मग त्या प्रश्नाचा अभ्यास करावा लागला. उपचाराविना जितका काळ जातो तितके पुढे बरे होणे अवघड, हे संशोधनात वारंवार दिसले आहे. निम्हान्सने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या आजारांत 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत, असे आढळले. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झाले आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. हा तपशील भाचीने स्वतः शोधून काढला. आकडा सगळेच पाठ करतात. आकडा कुठून आला आणि कुणाला लागू होतो, हे सांगणारी मुलगी वेगळी दिसते.

दुसरा अवघड प्रश्न दर्ग्याचा. नाव पाहून हा प्रश्न विचारला जाईल, याची तयारी ठेवावी. पहिल्या वर्षी तो आला तेव्हा ती चिडली होती, “सगळेच मुसलमान असे नसतात” असे म्हणाली होती. आम्ही त्याचा शांतपणे अभ्यास केला. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहात आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले 28 मनोरुग्ण मेले. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 मध्ये रुग्णाला साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई आहे. ही एक बाजू. दुसरी बाजू गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात दिसते. तिथे ‘दवा-दुआ’ नावाचा उपक्रम चालला : मुजावरांनाच आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले, दर्ग्याच्या आवारातच मनोविकारतज्ज्ञ बसू लागले, आणि दुआ मागायला आलेला माणूस मुजावराच्याच सांगण्यावरून औषधापर्यंत पोहोचू लागला. सुधीर कक्कर यांनी 1982 च्या आपल्या पुस्तकात दिल्लीतल्या एका दर्ग्यातील पीरबाबांच्या उपचारांकडे मानसविश्लेषकाच्या नजरेने, पण आदराने पाहिले आहे. भाचीने तेवढे प्रकरण वाचले.

हे सगळे वाचल्यावर तिचे स्वतःचे मत तयार झाले : कुटुंबाची दुआ थांबवू नये, पण दुआसाठी औषध थांबू देऊ नये. आणि रुग्ण कुठे जातो यावर हसण्याआधी, तो तिथे का जातो हे विचारावे. जवळ डॉक्टर नसतो, तिथे पैसे लागतात, आणि दर्ग्यात “पागल” म्हणून कुणी हाकलत नाही.

याच सुमारास तिला अबू झैद अल-बल्खी सापडले. नवव्या-दहाव्या शतकातले बल्खचे हे विद्वान. शरीर आणि मन दोहोंच्या आरोग्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. कारण माहीत असलेले दुःख वेगळे आणि कारण न सापडणारी उदासी वेगळी, असा भेद त्यांनी केला होता. भाची हरखून गेली. प्रत्येक उत्तरात बल्खी येऊ लागले. मी ते काढायला लावले. विचारले तर जरूर सांग, पण मुलाखत ही वारशाची मिरवणूक नव्हे. यावरून आमचे दोन दिवस बोलणे बंद होते.

घरी आम्ही सराव मुलाखती घेतल्या. परीक्षक तिघे : मी, शेजारचे निवृत्त मराठी शिक्षक आणि इंजिनिअरिंगला असलेला भाचा. त्या गुरुजींना मानसशास्त्रातले काही कळत नव्हते आणि म्हणूनच त्यांचे प्रश्न सर्वांत चांगले असत. “हे सगळे आमची आजी न शिकता सांगायची. मग तुमचे शास्त्र कसले?” या प्रश्नाला उत्तर द्यायला तिला आठवडा लागला.

सरावात संशोधनाचे प्रश्न जास्त घेतले, कारण मुली तिथे घसरतात. बी.ए.ला तिने परीक्षेच्या चिंतेवर प्रकल्प केला होता, साठ विद्यार्थी. “नमुना कसा निवडला?” यावर ती आधी गोलगोल बोलायची. खरे म्हणजे तिने ओळखीच्या मैत्रिणी आणि त्यांचे भाऊ घेतले होते. मग तेच सांगायचे ठरले : हा सोयीचा नमुना होता, त्यामुळे निष्कर्ष सर्वांना लागू होत नाहीत, आज केला तर असा असा करीन. आपल्या प्रकल्पातली उणीव आपणच सांगितली, की परीक्षक ती खोदत बसत नाहीत. सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतला फरक समजावायला भाच्याने उदाहरण काढले : गोदावरीला पूर येतो त्या दिवसांत भज्यांचा खप वाढतो, म्हणून भजी खाल्ल्याने पूर येतो का? दोन्हींचे कारण पाऊस. हे उदाहरण ती मुलाखतीतही वापरून आली.

नीतीचे प्रसंग विचारले जातात. पंधरा वर्षांची मुलगी सांगते, घरातल्या एका माणसाने माझ्याशी वाईट वर्तन केले, पण कुणाला सांगू नका. आता? 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी माहिती पोलिसांपर्यंत पोहोचवणे बंधनकारक आहे. म्हणून “कुणालाच सांगणार नाही” असे वचन समुपदेशकाने सुरुवातीलाच देऊ नये. गुप्ततेची मर्यादा आधी सांगावी. दुसरा प्रसंग मी आमच्या मोहल्ल्यावरून रचला. एक मुलगी येते, तिला घरच्यांनी ठरवलेले लग्न नको आहे, आणि तिचे वडील तुझ्या अब्बांचे दोस्त आहेत. भाचीचे पहिले उत्तर होते, “मी तिच्या वडिलांना समजावीन.” मी म्हटले, तिने तुला तसे सांगितले का? लहान शहरात प्रत्येक जण कुणाचा तरी कुणी असतो. ओळखीच्या माणसाचे समुपदेशन स्वतः न करता दुसऱ्याकडे पाठवणे, हे शिकायला तिला वेळ लागला. आपल्याकडे मोठ्या माणसाने मध्ये पडणे हाच उपाय समजला जातो, त्याचा हा परिणाम.

भाषेची धास्ती होती. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, कॉलेजात मराठी, घरी दखनी, आणि मुलाखत इंग्रजीत. आम्ही इंग्रजी सुधारण्याचा फार खटाटोप केला नाही, छोटी वाक्ये करायला शिकलो. “थोडा विचार करून सांगू का?” आणि “हे मला माहीत नाही” ही दोन वाक्ये तिला इंग्रजीत न अडखळता यावीत, एवढा आग्रह धरला. बाकी, चार भाषांत माणसाचे दुःख ऐकू शकणारी मुलगी हे कमीपण कसे? कपड्यांचा प्रश्न मेहुण्यांनी काढला. ती रोज ओढणी जशी घेते तशीच घेऊन बसली, विषय तिथेच संपला.

आणि एक गंमत. मुलाखत ही माणूस पारखण्याची फार भरवशाची पद्धत नाही, हे मानसशास्त्रानेच दाखवले आहे. एका गुणावरून बाकीचे सगळे गुण गृहीत धरण्याच्या आपल्या खोडीला थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये ‘हॅलो इफेक्ट’ हे नाव दिले. प्रत्येक उमेदवाराला ठरलेले प्रश्न ठरल्या क्रमाने विचारले तर अंदाज बरा येतो, गप्पा मारल्या तर चुकतो. हे कळल्यावर भाचीची भीती निम्मी झाली. नापास होणे म्हणजे आपण निकामी आहोत असा दाखला नव्हे, हे तिला तिच्याच विषयाने सांगितले. उरलेली भीती आम्ही घालवली नाही. यर्क्स आणि डॉडसन यांनी 1908 मध्ये नाचऱ्या उंदरांवर प्रयोग केले, तेव्हापासून हे माहीत आहे की थोडा ताण कामाला उपयोगी पडतो, फार झाला तरच घोळ होतो.

कागदपत्रांबद्दल दोन ओळी, कारण यात आपली मुले हकनाक मागे पडतात. बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन, अत्तार अशा कितीतरी बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण केंद्रीय संस्थांना केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो आणि नॉन-क्रीमिलेअर चालू आर्थिक वर्षाचे असावे लागते. आपली बिरादरी केंद्राच्या यादीत आहे का, हेही पाहून घ्यावे. निकाल लागल्यावर सेतू केंद्रात धावून उपयोग नसतो. एप्रिलमध्येच अर्ज करावा. फीसाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशीही तेव्हाच करावी.

2025 ची मुलाखतही ऑनलाइन होती. बहिणीच्या घरी खाली गॅरेज, समोर मसाल्याची गिरणी, म्हणून ती माझ्याकडे बसली. मी कुकर लावला नाही, भाच्याने जिन्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना थोपवले. दारामागून मला तिचा आवाज ऐकू येत होता, शब्द नाही. मध्ये एकदा बराच वेळ शांतता पसरली आणि माझा जीव खाली-वर झाला. नंतर कळले, ती विचार करत होती आणि ते थांबले होते.

पहिल्या यादीत नाव आले नाही. प्रतीक्षायादीत होते, तिथून लागले. मेहुण्यांनी आठवडाभर हो-नाही केले, मग एका पहाटे स्वतःच ट्रंक उचलून नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेसवर तिला बसवायला गेले. स्थळांची चिंता त्यांनी सोडलेली नाही. अलीकडे ती सुटीत आली असता एक चौकशी आली होती, तेव्हा भाचीने आईला सांगितले, मामूंचे त्यांना आधीच सांग. बहिणीने सांगितले. ती माणसे पुन्हा आली नाहीत. दोन दिवस घरात कुणी नीट जेवले नाही.

हा लेख लिहिण्याआधी मीही भावाच्या दुकानात गेले. काय काय लिहिणार ते त्याला वाचून दाखवले आणि साखळीचे लिहू का, असे विचारले. त्याने भिंग डोळ्यावरून काढले, बराच वेळ हातातल्या घड्याळाकडे पाहत राहिला. म्हणाला, “लिही. जागेचं नाव नको. तिथले लोक वाईट नव्हते, त्यांना माहीत नव्हतं.” मग गिऱ्हाईक आले.